शिंप्याच्या दुकानासमोरचा खड्डा

२ जून, सोमवार
सासऱ्यांनी अखेर त्यांची सत्तर वर्षांची मोटार माझ्या ताब्यात दिली. आठवडाभर टेस्टिंग करायचं आणि रविवारी त्यांना नदीच्या पुलापर्यंत न्यायचं. जमलं तर गाडी माझी, नाही तर साडूची. साडूला स्कूटरचा आरसा धड लावता येत नाही.
मेकॅनिकने बजावलं की गाडी उभी केली की पेट्रोलचा कॉक बंद करा. केला. पुढेही काहीतरी सांगत होता, साडू मान डोलावत ऐकत होता. म्हटलं, मला गाड्यांतलं कळतं.

३ जून, सकाळी ७
गाडी सुरू होईना. कार्बोरेटरची इवलीशी वाटी हातानेच पेट्रोलने भरली. लगेच सुरू! सस्पेन्शन टेस्टसाठी बायको मागे, मांडीवर काठोकाठ भरलेलं पातेलं. शिंप्याच्या दुकानासमोर खड्डा. पाणी बायकोच्या अंगावर, इंजिन बंद. निदान सोपं आहे: हादऱ्याने बंद पडतं. दोष स्प्रिंगचा.

४ जून
रजा टाकली. स्प्रिंगचे पाटे उतरवले, ग्रीस लावून चढवले. कंबर धरली. बायको म्हणते, मेकॅनिकला एक फोन करायला काय जातं. अडाण्यांशी वाद नको.

५ जून
वाटी भरून निघालो. खड्डा पार, थेंबही सांडला नाही. इंजिन मात्र तिथेच बंद. शिंपी ढकलायला आधीच बाहेर येऊन उभा होता. जुन्या गाड्यांना सवयी लागतात. रस्ता बदलायचा.

६ जून
रस्ता बदलला. तेवढ्याच अंतरावर बंद. इथे शिंपीही नाही.

७ जून
काही सुचत नाही. फोन केला तर मेकॅनिक साडूला सांगेल. आजारी पडावं का?

८ जून, रविवार
सासरे इस्त्रीचा शर्ट घालून पुढे बसले. मागे साडू, मेहुणी, बायको. लग्नानंतर सासूबाईंना याच गाडीतून पुलावर कसं नेलं ते सासरे सांगत होते. खड्ड्याच्या जरा अलीकडे गाडी थांबली. गोष्टही थांबली. मग ते हळूच म्हणाले, "जावईबापू, पेट्रोलचा कॉक उघडलात ना?"
मी म्हटलं, बघतो. शिंपी हसला नाही, तेच जास्त लागलं.
साडूने उतरून कॉक उघडला. मेकॅनिकचं त्याने म्हणे शेवटपर्यंत ऐकलं होतं. सासऱ्यांनी त्यालाच चालवायला बसवलं आणि मला मागे बसा म्हणाले. मी म्हटलं, बाहेरून सस्पेन्शन बघतो.
खड्ड्यावरून गाडी अलगद गेली आणि पुलाकडे वळली. पाट्यांना ग्रीस मी लावलंय, हे शिंप्याला सांगितलं. तो माझ्या पँटकडे बघून म्हणाला, हा डाग आता निघायचा नाही.