बादलीतली ठकी

२ नोव्हेंबर, रविवार

आलो एकदाच्या. सामान दुसऱ्या मजल्यावर चढवताना दादाची कंबर धरली आणि ते त्याने मला प्रत्येक पायरीवर ऐकवलं. भाऊ म्हणून मिळाला तो असा. माझ्या लेकीने, ठकीने मात्र रिकाम्या खोल्यांतून दोनदा धावून खिडकीजवळचा कोपरा आपला म्हणून जाहीर करून टाकला. सहा वर्षांची आहे, पण थाट घरमालकिणीचा. तिची छोटी खाट तिथेच लावली, माझी भिंतीकडेला.

या इमारतीचा जिना मला फार आवडला. भिंतीवर वरपासून खालपर्यंत फोटो, सगळे फ्रेम केलेले. पोहून आलेली मुलं, झोपलेला कुत्रा, बसच्या स्टिअरिंगमागे बसलेली एक बाई. दादा म्हणाला, हा जिना आहे की प्रदर्शन.

शेजारी एक शिंपीण राहते, एकटीच. माझ्याहून थोडी मोठी असेल. आमची धडपड ऐकून पाणी घेऊन आली आणि ठकीला रंगीबेरंगी बटणांचा डबा दिला. तासभर पोरीचा आवाज नाही. ठकीचे बाबा गेले त्यानंतर आज पहिल्यांदा वाटलं, जमेल आपल्याला.

४ नोव्हेंबर, मंगळवार

चष्म्याच्या दुकानातला पहिला दिवस पार पडला. माझं काम नंबर तपासायचं आणि फ्रेम नाकावर नीट बसवून द्यायचं. एका आजोबांनी तक्त्यावरची शेवटची ओळ धडाधड वाचून दाखवली. मालकांनी तक्ता कालच बदलला होता, आजोबा जुनी ओळ पाठ म्हणत होते. त्यांना हे सांगताना माझी पुरेवाट झाली. डोळे तपासायला आल्यावरही माणूस पास व्हायला बघतो.

मी येईपर्यंत ठकीला कोण सांभाळणार, हा घोर होता. तो शिंपिणीने स्वतःहून मिटवला. म्हणाली, मशीन चालवायला हात लागतात, गप्पा मारायला तोंड मोकळंच असतं. शाळेतून आणायचंही तिनेच कबूल केलं. जिवात जीव आला.

९ नोव्हेंबर, रविवार

इथली एक रीत आज कळली. तळमजल्यावर निवृत्त मुख्याध्यापिका राहतात, त्यांना सगळे नुसतं बाई म्हणतात. दर रविवारी दुपारी त्यांच्याकडे सगळे जमतात. एकाने आपला आवडता फोटो आणायचा आणि त्याची गोष्ट सांगायची. पुढच्या रविवारी ऐकणाऱ्यांपैकी कोणीतरी तीच गोष्ट पुन्हा सांगायची, पण 'मी' म्हणून, जणू आपल्याच बाबतीत घडली. बाई म्हणाल्या, ऐकलेलं नुसतं कानावरून गेलं नाही ना, हे त्याशिवाय कळत नाही. मग तो फोटो जिन्यात लागतो. मला ही कल्पना फार गोड वाटली.

मी नवीन, म्हणून बाईंनी स्वतःच्या जुन्या फोटोची गोष्ट सांगितली. जिन्यातल्या फोटोतली, बसच्या स्टिअरिंगमागची बाई म्हणजे त्याच. उतारावर ब्रेक गेला, बस मुलांनी भरलेली. त्यांनी ती भिंतीला घासत घासत थांबवली, एकाही पोराला खरचटलं नाही. अंगावर काटा आला. त्या इतक्या बुटक्या आहेत की त्यांचे पाय ब्रेकपर्यंत पोचत तरी कसे असतील, हे मी मनातच विचारलं.

कोपऱ्यात एक काका बसतात. त्यांच्याकडे फोटोच नाही म्हणे, ते फक्त ऐकायला येतात. मांडीवरचे त्यांचे हात सारखे हलत होते, काहीतरी गोल धरून वळवावं तसे. ठकीने घरी येऊन त्यांची नक्कल केली. मी दटावलं, पण हसूही आलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज माझी पाळी. कोणता फोटो न्यायचा याचा विचारच करावा लागला नाही.

ठकी तीन वर्षांची. कपड्यांच्या निळ्या बादलीत बसलेली, नाकावर उलटा चष्मा, तोंडभर हसू. शेजारी मी गुडघ्यांवर, हात साबणाने भरलेले, तोंड तिच्याकडे वळलेलं. त्या दिवशी लाईट गेली होती. ठकी तापाने फणफणली होती, डोळे उघडत नव्हती. संध्याकाळी ताप उतरला आणि ही बया मी कपडे धुताना स्वतःहून बादलीत जाऊन बसली. मी तिच्या तळव्यांवर फुंकर घातली आणि ती हसली. तिच्या बाबांनी तेवढ्यात फोटो काढला. त्यांनी काढलेला तो शेवटचा.

सांगताना दोनदा अडखळले. शिंपीण तर हमसून रडली. मनावरचं ओझं उतरल्यासारखं झालं. घरी आल्यावर लक्षात आलं, चष्मा माझा होता हे सांगायचंच राहिलं. पण त्यात काय सांगायचं, तो माझ्या नाकावर सगळ्यांना दिसतोच आहे. तीच जाड काळी फ्रेम, अजून बदललेली नाही.

फोटो फ्रेम करायला शिंपीण घेऊन गेली.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज शिंपिणीने माझी गोष्ट सांगितली. काय सुंदर सांगितली. माझ्यासारखी अडखळली नाही. मी तिच्या तळव्यांवर फुंकर घातली, असं म्हणताना तिने ओठांचा चंबू केला. ठकी तिच्या पायाशी बसून ऐकत होती. ती माझ्याकडे एकदाही वळली नाही.

घरी आल्यावर मी ठकीचे पाय मांडीवर घेतले आणि फुंकर घातली. ती म्हणाली, अशी नाही, तुला येत नाही. मी हसण्यावारी नेलं. पण मग त्या दिवशीच्या साबणाचा वास आठवून बघितला आणि आठवेना. तो दिवस आठवतो, पण कोणीतरी सांगितल्यासारखा आठवतो.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

फोटो जिन्यात लागला. माझ्या उजव्या मनगटावर भाजल्याचा डाग आहे, लग्नाआधीचा. फोटोत तो नाही. प्रकाश पडला असेल म्हणून फ्रेम काढून खिडकीपाशी नेली. मनगट स्वच्छ. गालही माझा वाटत नाही, जरा भरलेला आहे.

दुकानात जाऊन स्वतःचे डोळे तपासून घेतले. मालक म्हणाले, नंबर जराही हललेला नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

ठकीने आज मला काकू म्हटलं. चुकून म्हणाली असेल. दिवसभर तिकडे असते, जीभ वळते तशी.

मग शाळेत गेले. वर्गशिक्षिका माझ्याशी फार अदबीने बोलल्या आणि म्हणाल्या की मुलीला तिची आई आत्ताच घेऊन गेली. मी म्हणाले, आई मी आहे. त्या हसल्या. मुलांच्या चित्रांच्या भिंतीकडे बोट दाखवलं. ठकीने आई काढली होती. गळ्यात माप घ्यायची फीत होती.

शिंपिणीशी भांडायचं म्हणून तणतणत गेले. ती भांडेना. तिने माझा हात हातात घेतला आणि विचारलं, तुम्हाला बरं वाटत नाही का. तिच्या डोळ्यांत लबाडी असती तर बरं झालं असतं. तिला खरंच माझी काळजी वाटत होती.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

बॅग भरली. ठकीला म्हटलं, चल, मामाकडे जाऊ. ती शिंपिणीच्या कमरेला मिठी मारून ओरडायला लागली. सगळी इमारत जिन्यात गोळा झाली. कोणी मला रागावलं नाही. सगळ्यांनी समजूत घातली. शेवटी माझीच बोटं सुटली.

तिचा आक्रोश खोटा नव्हता. ती मला घाबरली होती. माझी पोर मला घाबरली.

३० नोव्हेंबर, रविवार

ठरवून गेले होते. गोष्ट सांगून गेली, तर सांगूनच परत आणीन. उभी राहिले आणि सगळं सांगितलं. मागच्या वेळी सांगितलं नव्हतं तेही. तापात तिने माझं बोट कसं धरून ठेवलं होतं, अंधारात मी तिच्या कपाळावरच्या पट्ट्या कशा बदलल्या, ती जन्मली तेव्हा मी काय म्हणाले, तिचे बाबा कुठे उभे होते. काही म्हणजे काही शिल्लक ठेवलं नाही. चष्मा तेवढा डोक्यात आला नाही.

बोलता बोलता बादलीचा रंग आठवेना. शिंपिणीने हळूच सांगितलं, निळी.

संपल्यावर बाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाल्या, छान ऐकलंस हं. अगदी तिच्यासारखं सांगितलंस.

टाळ्या वाजल्या.

जिन्यात ते काका बसले होते. हात फिरतच होते. माझ्याकडे न बघता म्हणाले की त्यांनीही एकदा परत सांगून बघितलं होतं. तेव्हा होतं नव्हतं ते सगळं गेलं. आता फक्त हात राहिलेत. ते कशासाठी फिरतात हे बाईंनाच माहीत, असंही म्हणाले.

मी त्यांना सांगितलं, तुम्ही बस चालवायचात. मुलांना वाचवलंत. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, बाईंची गोष्ट फार छान आहे.

१ डिसेंबर, सोमवार

दादाला फोन केला. रडत रडत सांगितलं, ये, ठकीला घेऊन जा. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, ठकी कोण.

म्हणाला, तुला मूल हवं होतं, मला माहीत आहे. म्हणाला, एकटी राहू नकोस, काही दिवस इकडे ये. मी म्हटलं, तू सामान चढवलंस, तिची खाट चढवलीस. तो म्हणाला, खाट एकच होती.

मागे वळून बघितलं.

एकच आहे.

५ डिसेंबर, शुक्रवार

कामावर गेले नाही. रोजनिशी पहिल्यापासून वाचली. अक्षर माझंच. बादलीची गोष्ट दोनदा वाचली. छान आहे. पण ती वाचून माझं काही—

दादाकडे जावं म्हणते. पण मग भिंतीपलीकडचा तिचा आवाजही—

शिंपीण गरम सूप ठेवून गेली. म्हणाली, आम्ही मायलेकी आहोत ना शेजारी, हाक मारा कधीही.

१० डिसेंबर

भिंतीपलीकडे मशीन चालतं. मधेच थांबतं. मग ती पोर हसते. तळव्यांवर फुंकर घातल्यावर हसतात तसं.

माझे ओठ आपोआप गोल होतात. आज दुकानात ग्राहकासमोर झाले. मालक बघत राहिले. कशासाठी होतात ते—

१४ डिसेंबर, रविवार

दुपार. सगळे खाली जमलेत. मी गेले नाही.

दार वाजलं. शेजारची मुलगी. ठकी. हातात फोटो, फ्रेममधून काढलेला. उद्या शाळेत आवडत्या फोटोची गोष्ट सांगायची आहे म्हणे. आई खाली गेली आहे. म्हणून सरावाला माझ्याकडे—

समोर बसली आहे. मी लिहिते आहे. तिला वाटतं, मी तिचीच गोष्ट लिहून घेते आहे.

छान सांगते. लाईट गेली होती. ताप उतरला होता. आई कपडे धुवत होती, आईने फुंकर घातली—

थांबली. फोटो डोळ्यांजवळ नेला.

विचारते आहे, हा चष्मा कोणाचा. आईला चष्मा नाही. बाबांनाही नव्हता, आई म्हणते.

जाड. काळा.

माझ्या नाकाकडे बघते आहे.

हे सांगायचं राहिलं होतं. हे एवढंच राहिलं आहे. सांगितलं तर हेही जाईल. नाही सांगितलं तर ती उठून जाईल, आणि मग—

गप्प बसायला हवं. ओठ मिटून—

सांग ना, म्हणते. जवळ आली. गुडघ्यावर हात ठेवला माझ्या. सांग ना.

चष्मा काढला. तिच्या नाकावर ठेवला, उलटा. हसली—

अक्षरं दिसत नाहीत आता. ओळीवर ओळ चढत असेल, असू दे. सांगते आहे. ठकी, ऐक, त्या दिवशी लाईट गेली होती, आणि मी—