पाया माझा, टाळ्या त्याला

३ जानेवारी
अखेर जोडी फोडली. गाण्यातल्या जोडीदाराला फोनवर स्वच्छ सांगितलं, यापुढे मी एकटा गाणार. तो म्हणाला, बरं. नुसतं बरं! धक्का बसला असणार बिचाऱ्याला. बारा वर्षं हा वरचा सूर लावणार, लोक ह्याच्यावर फिदा, आणि खाली साथ कोण देणार? मी. आता बघ म्हणावं.
संकल्प: रोज पहाटे रियाज. आइस्क्रीम बंद.

४ जानेवारी
पहाटे थंडी फार. आवाज जपायला हवा. झोपलो.

१९ जानेवारी
स्टुडिओ. आमचं सगळ्यात गाजलेलं गाणं नव्याने, एकट्याने. जीव ओतला. रेकॉर्डिस्टने विचारलं, सर, साथ झाली, आता मूळ चाल कधी गाताय? म्हटलं, बाबा रे, हीच चाल, बारा वर्षं गातोय. त्याने जुनं रेकॉर्डिंग लावलं. चाल तो गातोय. मी खाली कुठेतरी आहे. तेव्हाचं मिक्सिंगच भिकार.

२ फेब्रुवारी
वरचा सूर बसवतोय. तोंडात खालचाच येतो. लेकीने विचारलं, बाबा, हे कुठलं नवीन गाणं? म्हणजे मी गाण्याचं रूपच पालटलं, हे पोरीलाही कळलं. माझ्यावर गेलीय. बायको म्हणते, मुकाट्याने त्याला फोन कर. हिला गाण्यातलं काय कळतं?

२० फेब्रुवारी
पोस्टर आलं. जोडीचाच फोटो कापलाय. माझ्या खांद्यावर त्याचा हात तसाच राहिलाय, घड्याळासकट. असू दे. लोकांना वाटेल कुणी चाहता असेल. आइस्क्रीम खाल्लं, पण अगदी थोडं.

६ मार्च
कार्यक्रम झाला. त्या गाजलेल्या गाण्याची पहिली ओळ गायलो, हॉल गप्प. कुणाला गाणंच ओळखता येईना. वाटलं, संपलं सगळं. तेवढ्यात मागून कुणीतरी शब्दांवरून गाणं ओळखून चाल धरली आणि बघता बघता सगळा हॉल गायला लागला. त्याचीच, वरची चाल. मी भरात माइक खाली ठेवला आणि अलगद माझ्या सुरात शिरलो. काय लागला म्हणून सांगू! डोळे भरून आले. इतकं सुंदर मी आयुष्यात गायलो नव्हतो. टाळ्या थांबेनात.
गाडीत बायकोला विचारलं, कसं झालं? ती म्हणाली, फार मजा आली, लोक काय गायले! मग हळूच म्हणाली, "पण तू का रे नाही गायलास?"