आडवी रेघ

प्रिय टिटवे,

हे नाव वाचून तुझ्या कपाळाला आठी पडली असणार. आता तू पर्यावरणाच्या अहवालांवर सह्या करणारी बाई. पण पाळण्यात टिटवीसारखी कोकलायचीस, त्याला मी काय करू? माझा गुडघा कुरकुरतो. डॉक्टरीणबाई म्हणतात, चिखलात उतरू नका. मी मान डोलावते आणि घरी येऊन गमबूट धुते.

मंगळवारी पाणमांजरीण दिसली, दोन पिल्लांसकट. जुन्या गोदीमागे, सात नंबरच्या खुंटापाशी. आपण तिघांनी जिथला राडारोडा उपसला, ऑफिसात खेटे घालून सिमेंटचा उतार फोडायला लावला, तिथेच. तुझ्या बाबांनी लावलेली लव्हाळी आता माझ्या डोक्यावर गेली आहेत. एक पिल्लू आईच्या तोंडातला मासा ओढत होतं आणि वर तिच्यावरच गुरगुरत होतं. मला एक जण आठवली.

तुझा अहवाल मी वाचला. पान एकोणचाळीस: सात नंबरला सलग अकरा आठवडे पाणमांजर आढळले नाही, सबब तिथे भराव टाकण्यास हरकत नाही. खाली कोष्टकात अकरा शून्यं, आपल्याच मंगळवारच्या नोंदवहीतून उतरवलेली. टिटवे, माझ्या वहीत तिथे शून्यं नाहीत, आडव्या रेघा आहेत. आडवी रेघ म्हणजे काय, हे मी तुला शिकवू? नियम तुझाच. नऊ वर्षांची होतीस. एका गारठ्याच्या सकाळी मी कंटाळून घरबसल्या शून्य लिहायला गेले, तर माझ्या हातातलं पेन हिसकावलंस. जाऊन दिसलं नाही तर शून्य, गेलोच नाही तर आडवी रेघ; न बघता शून्य लिहायचं नाही, ते खोटं असतं, असं मलाच बजावलंस. बाबा हसून हसून बेजार झाले. वहीच्या पहिल्या पानावर तुझ्या वाकड्या अक्षरात तो नियम अजून आहे.

त्या अकरा आठवड्यांत काठावर कोण जाणार होतं? सकाळी तू आणि दुपारी मी, बाबांच्या उशाशी बसत होतो. दर मंगळवारी ते वही मागायचे. मी म्हणायचे, अहो, कुणी गेलंच नाही, लिहायचं काय? तर ते म्हणायचे, मग रेघ ओढायला नको का? शेवटच्या तीन रेघा त्यांच्या हातच्या आहेत. शेवटची तर रकान्याबाहेर गेली आहे. तुझ्या कोष्टकात तिचंही शून्य झालं.

तुझे साहेब म्हणाले असतील, संगणकाला रेघ कळत नाही. संगणकाला नसेल कळत. तुला कळते. मला राग आला, आणि रागापेक्षा लाज जास्त वाटली. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं इथे दोघं-तिघं म्हणालेही. मी त्यांना दटावलं. माझ्या लेकीला बोलायचा हक्क माझा एकटीचा आहे.

परवा मावशीकरवी निरोप धाडलास, की आईला सांग, शुक्रवारच्या भरावाच्या सुनावणीला येऊ नको, माझी नोकरी जाईल. त्याचं उत्तर द्यायला हे पत्र. मी येणार. गमबूट घालूनच येणार, चिखल लागला तर लागू दे त्यांच्या फरशीला. वही उघडून सगळ्यांसमोर तुलाच विचारणार, की या रेघेचा अर्थ काय. तुला बेसावध गाठायचं नाही, म्हणून आधी कळवते. खोटं बोललीस तरी घरी ये, जेवायला वाढीन, पण वहीला हात लावू देणार नाही. खरं बोललीस आणि नोकरी गेली, तर बाबांचे गमबूट धुऊन ठेवले आहेत, दोन मोजे चढवलेस की तुला होतात. आणि तू त्या दिवशी आलीच नाहीस, तर तुझ्या नावापुढे मी आडवी रेघ ओढीन. शून्य लिहिणार नाही. न बघता शून्य लिहायचं नाही, असा आपल्या घरात नियम आहे.

तुझीच, आणि तितकीच त्या काठाची,
आई