कुरोनुमा भाग तीन आणि शिल्लक वाती

१४ जून २००५, मंगळवार. सकाळी ११ वाजून ४० मिनिटं.

हीच ती वेळ. भिंतीवरचं घड्याळ पाहून लिहून ठेवली, म्हणजे पुढे कोणी वाद घालायला नको. ११.४० ला लाइट गेली. पेपरात छापून आलेलं वेळापत्रक मी फ्रिजवर चिकटवलंय: बाबूपेठ, दुपारी १२ ते ३. वीस मिनिटं आधी! त्या वीस मिनिटांपायी माझे सहा तास बुडाले. पहाटे साडेपाचपासून खेळत होते. 'कुरोनुमा', टीव्हीवरचा भुताटकीचा व्हिडिओ गेम, भाग तीन. बोटीवरचं हॉस्पिटल, दुसरा मजला, किल्ली हातात. सगळं पुसलं गेलं. पुन्हा धक्क्यावर उभी, बोटीच्या बाहेर.

दोष पहिला, लाइट घालवणाऱ्यांचा. दोष दुसरा आणि मोठा, जपानी कंपनीचा. या खेळात हवं तिथे सेव्ह करता येत नाही. वाटेत कुठेतरी देवळी लागते, तिथे दिवा लावायचा. एक वात खर्च होते, मग खेळ मेमरी कार्डात जातो. वाती मोजक्याच. माझ्याजवळ एकोणीस होत्या. एकही वापरली नव्हती, कारण अशा वस्तू अडचणीच्या वेळेसाठी असतात. जपून वापरणाऱ्याला ही शिक्षा? कंपनीला पत्र लिहिणार. आजच.

दारावर मासोळी विकायला येणारी बायनाबाई टोपली खाली ठेवून सगळं पाहत होती. म्हणाली, "वाती कोनाच्या लग्नासाठी ठेवल्या जी, म्याडम?" तिला यातलं काही कळत नाही.

१५ जून, बुधवार

पत्राआधी पार्श्वभूमी हवी. पत्रासोबत या मालिकेचा संपूर्ण इतिहास जोडणार. इंग्रजीत, सप्रमाण. वीजकेंद्राच्या वसाहतीतलं वाचनालय मी एकतीस वर्षं सांभाळलं, हे काम दुसरं कोण करणार? दोनशे पानं सहज होतील.

सकाळी रोशनीचा फोन. माझ्या भावाची मुलगी. कॉलेज आणि बी.एड. माझ्याकडे राहून केलं, आता सिरोंच्याला शिक्षिका. गेमची मशीन तिची, इथेच राहिलेली. म्हणाली, वीस ऑगस्टला येते आणि मशीन घेऊन जाते, चौथा भाग आलाय. मी म्हटलं, तिसरा अर्धवट आहे. तर हसून म्हणते, "आत्या, तू तर फक्त खेळातल्या चिठ्ठ्या वाचत होती. बटन तर मीच दाबत होती ना! एकटीनं तिसरा पूर्ण करून दाखव, मशीन तुझी."

ठीक आहे. शर्त मंजूर.

मला मशीनचं काही नाही. रोशनी आली की दोन दिवस राहते, मशीनवर बसते, हा भाग वेगळा. प्रश्न तत्त्वाचा आहे.

१९ जून, रविवार

नियम ठरले.
एक. आठवड्याला एकच वात, रविवारी. इतर दिवशीचा खेळ सराव समजावा.
दोन. एकटीने खेळणे. बायनाबाई नुसती बसलेली असते, ती धरायची नाही.
तीन. आवाज बंद. संगीत हलक्या दर्जाचं आहे.
चार. समोरचं दार उघडं. वाऱ्यासाठी.
पाच. अंधार पडल्यावर नाही. डोळ्यांना त्रास होतो.

इतिहास, प्रकरण पहिलं, सुरू केलं. भाग एक, सन १९९७. तळ्याकाठचं बंद हॉटेल; टेलिफोन ऑपरेटर मुलगी हरवलेल्या भावाला शोधत येते. कॅमेरा छताला चिकटवल्यासारखा, त्यामुळे मागून कोण येतंय ते शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. आम्ही २००१ मध्ये खेळलो. रोशनी बटणांवर, मी चिठ्ठ्यांवर. चिठ्ठ्यांचं इंग्रजी असं की 'द डोअर इज क्लोज्ड विथ सॅडनेस'. नागपूरच्या कॉन्व्हेंटात सिस्टर ॲग्नेसनी लिहिणाऱ्याला बाकावर उभं केलं असतं. पण याचा अर्थ चावी रडणाऱ्या बाईच्या चित्रामागे आहे, हे ओळखलं मीच. रोशनी तेव्हा टाळ्या वाजवत होती. आता म्हणे फक्त वाचत होती!

आज एवढंच. अर्धं पान झालं.

२ जुलै, शनिवार

सराव. आतापर्यंत तेरा वेळा मेले.

यातल्या नऊ मरणांना कॅमेरा जबाबदार आहे, दोनांना चष्मा, एकाला कुकरची शिट्टी. उरलेलं एक मी समजून घेते आहे.

बायनाबाई म्हणाली, सहा दिवस मरता आणि सातव्या दिवशी दिवा लावता, हा कोणता उपास?

१० जुलै, रविवार

प्रकरण दुसरं. भाग दोन, सन १९९९. धरणाच्या पाण्याखाली गेलेलं गाव, उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर वर येतं. या भागाला बायनाबाईची मान्यता आहे. तिचं सारं आयुष्य तलावावर गेलंय. पाणी हलत नसेल तिथे पाय टाकू नका, असं ती रोशनीलाही सांगायची आणि दर वेळी बरोबर निघायचं. ती इतिहासाच्या ऋणनिर्देशात येईल. शेवटच्या ओळीत.

आज एक घडलं. हॉस्पिटलच्या तळघरात गुडघाभर पाणी. मी निघाले तरातरा. बायनाबाई ओरडली, "थांबा ना जी! बुडबुडे पाहा. थो चिखलात दडून हाये, मरळीवानी. पहिले गोळी घाला!" गोळ्या माझ्याकडे अठ्ठ्याऐंशी. एवढ्याशा बुडबुड्यावर कशाला खर्च करायची? गेले पुढे.

चौदावं मरण. रविवारची वात राहूनच गेली, म्हणजे ती शिल्लक धरायला हरकत नाही.

२३ जुलै, शनिवार

कंपनीवर दुसरा आरोप सापडला, पहिल्यापेक्षा गंभीर. तिन्ही भागांत पांढऱ्या केसांची एक बाई आहे. भाग एकमध्ये हॉटेलची मालकीण. भाग दोनमध्ये गावची सुईण. भाग तीनमध्ये बोटीवरची म्हातारी नर्स. तिघीही पहिल्या दहा मिनिटांत मरतात! साठीच्या बाईला या जपान्यांच्या लेखी दुसरं कामच नाही? हॉटेल कोण चालवत होतं? चाव्या कुठे आहेत हे कोणाला ठाऊक? आणि वाचते कोण, तर टेलिफोनवाली पोर, जिला साधा फ्यूज बदलता येत नाही.

हे प्रकरण तिसरं. जळजळीत होणार. शीर्षक लिहून झालं.

पत्र अजून टाकलेलं नाही. इतिहास पूर्ण झाल्याशिवाय पत्र जाणार नाही. शिवाय सीडीच्या कव्हरची झेरॉक्स इतकी पुसट आहे की पत्त्यातलं फक्त 'जपान' वाचता येतं.

७ ऑगस्ट, रविवार

यश! चौथा मजला. वात लावली. बायनाबाईनं हात जोडले, कोणाला ते विचारलं नाही.

रोशनीला फोन करून सहज कळवलं. तिनं चौथ्या भागाचं सांगितलं. त्यात म्हणे कॅमेरा खांद्यामागे असतो, सगळं दिसतं. वातीच नाहीत. हवं तिथे, हवं तितक्यांदा सेव्ह. हा ऱ्हासाचा काळ. असा खेळ खेळण्यापेक्षा तिनं माझ्याकडे तिसराच पुन्हा खेळावा, असं म्हणणार होते. पण तेवढ्यात तिनं फोन ठेवला. तिच्या शाळेची घंटा झाली असावी. रविवार होता, पण झाली असावी.

११ ऑगस्ट, गुरुवार

तीन दिवसांत लाइट सात वेळा गेली. वेळापत्रक फाडून टाकलं. आपल्या धुराड्यांची राख आपल्या वाळवणावर आणि वीज दुसऱ्यांच्या घरी.

उपाय सापडला. नीलाबाई! वाचनालयात माझ्या हाताखाली होती, आता सुनेच्या क्वार्टरमध्ये, ऊर्जानगरला, वीजकेंद्राच्या वसाहतीत. तिथे लाइट जात नाही. मशीन पिशवीत घालून, वर टॉवेल टाकून वीजकेंद्राच्या बसने गेले. ड्रायव्हरनं विचारलं, मिक्सर बिघडलं का जी? मी हो म्हटलं. कॉन्व्हेंटमध्ये खोटं बोलायला शिकवलं नव्हतं, पण बसमध्ये बसायलाही शिकवलं नव्हतं.

१४ ऑगस्ट, रविवार

ऊर्जानगर. चार दिवस अखंड वीज. नवा आणि अत्यंत तर्कशुद्ध निर्णय: लाइट जातच नाही, तर वात कशाला जाळायची? मशीन बंदच करायची नाही. रात्री फक्त टीव्ही बंद. आजची रविवारची वातही वाचली.

नीलाबाई काळजीनं म्हणाली, "कुंताबाई, एखादी लावून तं पाहा." वाचनालयातही ती अशीच. कोणालाही दोन पुस्तकं देऊन टाकायची.

१९ ऑगस्ट, शुक्रवार. दुपारी ४ वाजून १० मिनिटं.

करंट गेला.

शेवटचं दार समोर होतं. दाराशेजारी देवळी होती. हातात सदतीस वाती, एकशे बारा गोळ्या, नऊ औषधाच्या बाटल्या. एवढा साठा या खेळाच्या इतिहासात कोणाजवळ नसेल. नीलाबाईनं चहाला आत बोलावलं. उठले, गेले. परत आले तर पंखा बंद, मशीनचा लाल दिवा बंद.

करंट कसा गेला, हे इथे महत्त्वाचं नाही.

नीलाबाईचं म्हणणं असं की खोलीतून निघताना मी बोर्डावरची तिन्ही बटणं स्वतः खाली केली. तिनं पाहिलं म्हणे. शक्य आहे. रिकाम्या खोलीत काही चालू ठेवायचं नाही, हे सिस्टर ॲग्नेसनी शिकवलं आणि एकतीस वर्षं मी वाचनालयात पाळलं. चांगल्या सवयीची किंमत माणसाने किती वेळा मोजायची? पत्रात हा तिसरा आरोप.

बारा दिवस मागे. पुन्हा चौथा मजला. उद्या रोशनी येणार.

२० ऑगस्ट, शनिवार

घरी आले, मशीनसकट. पाठोपाठ रोशनी. नीलाबाईनं फोनवर सगळं आधीच ओतलं होतं. रोशनी सोफ्यावर पडून हसली. मग म्हणाली, ठेव आत्या मशीन, मी गंमत केली होती. मी म्हटलं, शर्त म्हणजे शर्त, हरलेली वस्तू मी घरात ठेवत नाही. ती म्हणाली, "अशी काऊन करते गं?" बायनाबाई म्हणाली, "घ्या ना जी ठेवून." दोघींना गप्प केलं.

मग चौथ्या मजल्यापासून आम्ही बसलो. ती बटणांवर, मी चिठ्ठ्यांवर, बायनाबाई पाण्यावर. आवाजही चालू केला. संगीत बरं आहे. रोशनीनं दिसेल त्या देवळीत दिवा लावला. अकरा वाती! दुपारी तीन वाजता खेळ संपला.

दोन गोष्टी नोंदवणं भाग आहे. बोट काठाला लागते तेव्हा सुकाणूवर कोण? ती म्हातारी नर्स. मेलीच नव्हती. शेवटपर्यंत पोहोचणाऱ्यालाच कळतं. प्रकरण तिसरं रद्द. सुदैवाने शीर्षकच लिहिलं होतं. आणि शेवटी पडद्यावर येतं, 'शिल्लक वाती: सव्वीस'. मग पडदा काळा. त्या सव्वीस वातींचं पुढे काहीही होत नाही. कोणी बक्षीस देत नाही.

२१ ऑगस्ट, रविवार

रोशनी दुपारच्या बसने गेली. मशीन मीच बांधून दिली, दोन टॉवेलांत. पुन्हा कधी येणार ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

संध्याकाळी बायनाबाई आली. टीव्हीखाली रिकामी जागा पाहिली, मग माझ्या हातातली चष्म्याची डबी. डबीत मेमरी कार्ड. म्हणाली, "हे काऊन ठेवून घेतलं जी? सरळ ये म्हना ना पोरीले."

असं सरळ कोणी बोलावतं का?

२२ ऑगस्ट, सोमवार

जपानचं पत्र तूर्त स्थगित. त्याऐवजी खालील पत्र रजिस्टर्ड पोस्टाने सिरोंच्याला. ही नक्कल.

कु. रोशनी हिस,

मशीनचं मेमरी कार्ड चुकून इथे राहिलं आहे. ते माझ्या चष्म्याच्या डबीत कसं गेलं, याचा तपास चालू आहे. कार्डाशिवाय तुझा चौथा भाग एका जागीही सेव्ह होणार नाही. नवीन कार्ड बाजारात मिळतं, असं तू म्हणशील. त्यात २००१ चं हॉटेल नसेल. तिथे पहिल्याच दिव्यापाशी तू दोघींची नावं टाकली आहेस, माझ्या नावाचं स्पेलिंग चुकवून.

कार्ड पोस्टाने पाठवलं जाणार नाही. स्वतः येऊन, दोन दिवस राहून घेऊन जाणे. मशीन सोबत आणणे. चौथ्या भागातल्या चिठ्ठ्या तपासून द्यायची माझी तयारी आहे.

कोणत्या तारखेला येतेस, याचं लेखी उत्तर ३० सप्टेंबर २००५, संध्याकाळी पाचच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे. फोनवरचं उत्तर ग्राह्य धरलं जाणार नाही. फोन केलास तरी चालेल.

तुझी आत्या
कुंता रामटेके