समुद्रसपाटीपासून किती उंच

जुबैल, सौदी अरेबिया,
शुक्रवार, ७ नोव्हेंबर २०२५

लाडक्या तस्नीमबाय,

सलाम आणि ढीगभर दुआ. आम्ही दोघं बरे आहोत. तुझी आणि आमच्या जावयाची, हाशिरची, खुशाली कळव. फोनवर तू मला दोन वाक्यांत गप्प करतेस, म्हणून लिहायला बसले. मराठी वाचताना अडखळलीस तर मोठ्याने वाच, आपोआप समजेल.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरने तुला विमान मना केलं. मी येते म्हटलं, तर तू म्हणालीस, "अम्मी, इट्स अ माउंटन सिटी. इथली उंची तुझ्या दम्याला झेपणार नाही." विषय खलास. तेव्हापासून मी तुझ्या सॉल्ट लेक सिटीच्या मागे लागलेय. अब्बा म्हणतात, एवढा अभ्यास शाळेत केला असतास तर आज रायगडची कलेक्टर असतीस.

मला वाटायचं, शहर डोंगराच्या माथ्यावर असेल आणि तू भाजीसाठी रोज चढ-उतार करत असशील. ते तर खोऱ्यात निघालं. पूर्वेला डोंगर, पश्चिमेला डोंगर, मध्ये तुम्ही. खुद्द शहरात दोनेक लाख माणसं, म्हणजे जुबैलपेक्षा कमी, पण आख्खं खोरं धरलं तर बारा लाखांच्या आसपास. त्यात मराठी बोलणारी एक तरी बाई भेटली का गं? आणि ते खारं तळं म्हणे समुद्राहून खारट, त्यात माणूस बुडत नाही, पण मासेही जवळजवळ नाहीत. हे ऐकून अब्बांना फार वाईट वाटलं. त्यांचं आयुष्य इथल्या प्लँटवर समुद्राचं पाणी गोडं करण्यात गेलं, आणि तुमच्या नळाला डोंगरावरचं बर्फ वितळून येतं.

आता उंची. साधारण तेराशे मीटर, आपल्या महाबळेश्वरइतकी. तिथे तू सहावीत असताना घोड्यावरून उतरायला तयार नव्हतीस आणि मी मागे धावत होते, आठवतं? तरी खात्री करायची म्हणून अब्बांना इकडच्या डोंगरातल्या आभाला न्यायला लावलं. ते तुमच्याहून कितीतरी उंच. पहिल्या दिवशी पंप घ्यावा लागला, खोटं बोलणार नाही. दुसऱ्या दिवशी रस्त्यावरच्या माकडाने माझ्या हातातला खुब्ज, इथली रोटी, पळवला आणि मी त्याच्यामागे अर्ध्या उतारापर्यंत गेले. पंप पर्समध्येच राहिला. अब्बा गाडीत बसून हसत होते.

मग वाचताना कळलं, खरी भीती उंचीची नाहीच. थंडीत खोऱ्यावर झाकण ठेवल्यासारखी हवा बसते आणि धूर आत कोंडतो, कधी कधी आठवडाभर. जानेवारीत जास्तच. तुझी तारीखही जानेवारीतली. हे तुला ठाऊक होतं ना? मला घाबरवायचं नाही म्हणून उंचीवर ढकललंस. अगदी माझ्यावर गेलीस. इथल्या डॉक्टरला सगळं सांगितलं. औषध वाढवून दिलंय, मास्क दिलाय, धूर असेल तेव्हा बाहेर पडायचं नाही म्हणालाय. मला बाहेर कुठे जायचंय?

व्हिसाच्या खिडकीवर साहेबाने चक्क हिंदीत विचारलं, अमेरिकेत काय बघणार? मी डोंगर, तळं, खोरं, लोकसंख्या, सगळं घडाघडा म्हटलं. तो म्हणाला, लेकिन आप जा क्यों रही हैं? तेव्हा माझ्या तोंडून निघालं, मेरी बेटी अकेली है. आणि तिथेच रडू आलं.

तू इथे जुबैलला झालीस तेव्हा माझी अम्मी श्रीवर्धनला होती. तिचा व्हिसा झाला नाही. नर्स प्रेमळ होती, अब्बा बाहेर बसून होते, पण कळ आली की मी अम्मीलाच हाक मारायचे. तुला हे कधी सांगितलं नाही, कारण अम्मीला कळलं असतं तर तिला सोसवलं नसतं. आता ती नाही. तू मात्र हाक मारशील तेव्हा मला ऐकू आली पाहिजे.

व्हिसा झालाय. तिकीटही काढलंय, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातलं. तुला विचारत नाही, कळवतेय. हाशिरला म्हणावं, डिंकाचे लाडू आणतेय, पण पहिला मान तुझा.

खुदा हाफिज.

तुझं माहेर,
अम्मी