खोगिराला पाजलेलं तेल

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (उभ्यानेच घालतो आहे. जमिनीवर लोटांगण घालायला जागा नाही. तिथे काय पसरलं आहे ते पुढे येईलच.) तुझा खुबा आता कसा आहे? तुझी लेक, आमची ताई, तुला काठीशिवाय चालू देत नाही असं कळलं. देऊ नये. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीशी तू रोज भांडतेस असंही कळलं. ते मात्र चालू ठेव. भांडणारं माणूस लवकर बरं होतं असं माझं ठाम मत आहे. इकडे सर्वजण खुशाल आहेत. सर्व वस्तू खुशाल आहेत असं मी म्हटलेलं नाही, याची नोंद घ्यावी.

तू घोडीवरून पडलीस आणि लगेच घरात बैठक बसली. तू दवाखान्यात होतीस, म्हणून तुला नुसता निकाल कळला, माझं भाषण कळलं नाही. बाबांचं (म्हणजे तुझ्या दादाचं) म्हणणं एवढंच, की या वयात तोल राहत नाही, तेव्हा घोडी कुणाला तरी देऊन टाकावी आणि खोगीरही. खोगीर सरकलं म्हणून पडले, असं तू दवाखान्यात सारखं सांगत होतीस म्हणे. पण पडलेला माणूस काहीतरी सांगणारच, असं सगळ्यांनी एकमताने ठरवून टाकलं. मी उभा राहिलो. बाईने घोड्यावर बसायचं की नाही हे तिचा भाऊ आरामखुर्चीत बसून ठरवणार का, असा सवाल मी केला. पडण्याचा हक्क नसेल तर चढण्याच्या हक्काला अर्थ काय, असंही विचारलं. काकूने डोळे पुसले. काकांच्या चहावर साय धरली. (माझ्या भाषणात खोगीरभरती फार, असं बाबा नेहमी म्हणतात, त्या दिवशी म्हणाले नाहीत.) शेवटी ते म्हणाले, "तिची हाडं जुळेपर्यंत खोगीर तू सांभाळ. नीट राहिलं तर बघू." त्यांच्या 'बघू'त नकार कसा घडी घालून ठेवलेला असतो, हे तुला मी काय सांगणार.

तर खोगीर माझ्याकडे आलं आणि माझी झोप गेली. तू फोनवर सांगितलेलं मी अक्षर न् अक्षर ऐकलं होतं: ओलसर फडक्याने धूळ पुसायची, खोगिराचा साबण जेमतेम लावायचा, सावलीत वाळवायचं, मग तेलाचा पुसट हात. इथेच माझं गाडं अडलं. आत्या, मी जन्मभर व्यासपीठांवरून काय सांगत आलो? अर्ध्या मनाने केलेल्या कामांनी या जगाचं जेवढं वाटोळं केलं तेवढं वैरानेही केलं नाही. आणि त्या सुकलेल्या, तहानलेल्या चामड्यासमोर बसून मी पुसट हात फिरवायचा? मी एक हात दिला. त्याने तो बघता बघता पिऊन टाकला. दुसरा दिला, तोही प्यायलं. मागणाऱ्याला नाही म्हणणं माझ्या तत्त्वात बसत नाही. मी डबा उलटा केला.

सकाळी खोगीर खुर्चीच्या पाठीवरून भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं लोंबत होतं. रंग तांबूस होता तो काळपट झाला होता. खाली फरशीवर तळं. तुझ्या भाचेसुनेने दारातूनच विचारलं, "आज याला उपास आहे, की अजून वाढायचं आहे?" अंगाच्या भाराने त्याला पुन्हा आकार येईल अशी आशा धरून मी त्यावर स्वार झालो आणि संध्याकाळच्या सभेचं भाषण तिथेच पाठ केलं. विषय होता सार्वजनिक जीवनातली स्वच्छता. पँट पांढरी होती. सभेत फळ्याकडे वळेपर्यंत सगळं गंभीर चाललं होतं; वळलो आणि मागे हशा पिकला. मला वाटलं फळ्यावर काही चुकलं, म्हणून मी बराच वेळ पाठ करूनच उभा राहिलो.

घाबरून खोगीर शिवणाऱ्या कारागिराला घरी बोलावलं. त्याने बोटाने दाबून पाहिलं आणि हे बसायला करायचं की दिवा लावायला, असं विचारलं. कोरडे कागद कोंबा, दुसरं काही नाही, म्हणाला. म्हणून घरभर वर्तमानपत्रं पसरली आहेत. त्यात माझं भाषण छापलेला अंकही गेला. इतक्या आतुरतेने ते आजवर कुणी शोषून घेतलं नव्हतं.

कागद कोंबताना मी बाजूचा चामडी पडदा पहिल्यांदाच उचलला. घोडीच्या पोटाखालून आवळायचा तंग ज्या पट्ट्याला अडकतो, त्याची शिवण उसवलेली होती. वाटलं, हेही माझ्याच तेलाने. पण तिथवर तेल पोचलंच नव्हतं. दोऱ्याची टोकं कोरडी, जुनी, धुळीने माखलेली होती. पट्टा चार टाक्यांवर लोंबत होता. म्हणजे खोगीर सरकलंच होतं, आत्या. तू सांगत होतीस तेच खरं होतं. मी तुझ्या बाजूने इतकं बोललो, आणि त्यात 'ती सांगते ते खरं असेल' एवढं एक वाक्य नव्हतं.

खोगीर तसंच उचलून बाबांकडे नेलं. वास घेऊन ते म्हणाले, "तुझ्या तेलानेच कुजलं हे." मला बोलताच येईना. (हो, मला.) मी नुसता पडदा उचलून धरला. त्यांनी शिवणीवरून बोट फिरवलं. बोटाला तेल नव्हतं, धूळ होती. त्या बोटाकडे ते बराच वेळ बघत राहिले. मग रुमालाला पुसलं आणि म्हणाले, "बघू." हे 'बघू' नेहमीचं नव्हतं. त्याचा अर्थ लावायचं धाडस मला होत नाही. तू त्यांची बहीण आहेस, तूच लाव.

तुझा,
भाचा

ता.क. कारागीर पट्टे नवे घालतो आहे. बैठक बरीचशी सावरेल म्हणतो, रंग मात्र परत येणार नाही. फिकट कपडे घालून बसू नकोस.

ता.क. पुन्हा : तू घोडीवर पुन्हा बसशील त्या पहिल्या दिवशी लगाम धरून शेजारून चालायला मला येऊ दे. फक्त घोडीचं तोंड पलीकडे असू दे आणि ताईला बोलावू नकोस. मला घोड्यांची लहानपणापासून भीती वाटते. बैठकीत हे बोलण्याचा प्रसंग आला नाही.