सुलतान दारातच असेल

विष्णुपुरी, नांदेड
४ जानेवारी २०२५

ती. गुरुबसप्पा अण्णांना,
धाकट्या शीलाचे शरणु शरणार्थी.

पत्र बघून तुमच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. पण माझा फोन तुम्ही उचलत नाही, आणि अडत दुकानात आलेलं पाकीट न फोडता ठेवणं तुम्हाला जमत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून हा मार्ग.

इकडे सगळे खुशाल. ह्यांचं गुडघ्यांचं रडगाणं चालू आहे, तरी सकाळी धरणाच्या बाजूला फिरून येतात. तुमच्या सुनेची, मुग्धाची, तब्येत बाळंतपणानंतर आता छान आहे. तुमची नात कुणावर गेली असं वहिनी विचारत होत्या. सांगा त्यांना, कान तुमचे आहेत आणि भूक लागल्यावरचा आवाजही तुमचाच.

येळवशीच्या अमावस्येला वहिनींचा फोन आला होता. तुम्ही सगळे शेतात होतात. मागे बायका आंबिलीसाठी हाका मारत होत्या, ते ऐकून माझ्या तोंडाला पाणी सुटलं. वहिनी म्हणाल्या, "शीलाबाई, हे येतो म्हणून राहिलेत पाळण्याला. पण त्यांचं एकच हाय. ते कुत्रं घरात असलं तर म्या उंबरा चढणार न्हाई म्हणतेत. ती जातच खुनशी हाय, लेकराला फाडून खाईल." मग हळूच म्हणाल्या की थंडीनं तुमचा उजवा हात आखडतो. तेलात ओवा घालून, कोमट करून चोळा. त्या हाताबद्दल याहून जास्त काही लिहायचं नाही असं ठरवूनच बसले आहे.

नातीचा पाळणा संक्रांतीनंतरच्या रविवारी आहे, एकोणीस तारखेला. स्वतःच्या मुलाच्या, वीरेशच्या लग्नात अक्षता टाकून न जेवता गेलात, ते आम्ही पोटात घातलं. पण पाळण्याला तुम्ही यायलाच हवं. आणि तुमच्या अटीचं उत्तर आधीच देऊन टाकते: सुलतान कुठंही जाणार नाही.

पत्र गादीखाली सरकवू नका. पुढं वाचा.

वीरेश तुमचं घर सोडून त्याला टेम्पोत घालून आमच्या दारात उतरला, तेव्हा माझीही पाचावर धारण बसली होती. काळं धिप्पाड अंग, मोठं डोकं, आणि नजर अशी की आपण काही चोरलंय की काय असं वाटावं. भाचा म्हणून वीरेशला घरात घेतलं आणि कुत्र्याला मागच्या अंगणात. कॉलनीत दोन दिवसांत बोभाटा झाला. मग गेल्या वर्षी कुत्र्यांच्या धोकादायक जातींवर बंदीचा तो सरकारी कागद निघाला, त्यात रॉटवायलरचं नाव होतं. कागद पुढं कोर्टात अडकला, पण समोरच्या सौदामिनीबाईंनी तो व्हॉट्सॲपवर घरोघर पोचवला. आमच्या दारावरून जाताना लोक पिशव्या छातीशी धरायला लागले.

मी मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते, अण्णा. दरवर्षी कुठल्या ना कुठल्या मुलीबद्दल आधीच येऊन सांगितलेलं असायचं, ही भांडकुदळ आहे, सांभाळा. मग सगळ्याजणी तिच्याशी अंतर ठेवून वागायच्या, आणि दिवाळीपर्यंत ती खरंच भांडायला लागायची. मग म्हणायचे, बघा, आम्ही सांगितलं नव्हतं? सुलतानचं मला तसंच दिसायला लागलं. गावठी कुत्रं चावलं की लोक म्हणतात कुत्रं चावलं. रॉटवायलर चावला की त्याच्या जातीचं नाव घेतात आणि ते नावच लक्षात राहतं.

आपल्या आप्पांचा शेतातला लांब केसांचा पश्मी कुत्रा आठवतो का? किती जणांना फोडलं असेल त्यानं! आमच्या ह्यांना तर लग्नानंतरच्या पहिल्याच येळवशीला, जावई म्हणून फेटा बांधलेला असताना चावला. आणि आप्पा मिशीवर हात फिरवत म्हणाले, "राखण म्हणतेत याला." पंचक्रोशीत त्याला कुणी खुनशी म्हटलं नाही. तो आपल्यातला होता ना.

पण मी भाबडी नाही. सुलतानच्या जबड्यात ताकद आहे. लहान कुत्र्याच्या चाव्याला पट्टी पुरते, याच्या चाव्यानं माणूस अधू होऊ शकतो. म्हणून बाळाच्या खोलीत त्याला एकटं सोडत नाही, आणि बाहेर नेताना साखळी एक तर वीरेशच्या हातात, नाही तर माझ्या. अंगात जोर असलेलं जनावर पाळायचं तर माणसानं शहाणं असावं लागतं. लोक इथंच चुकतात. ज्यांना दुसऱ्याला भीती घालायची असते, तेच नेमकी अशी जात शोधून आणतात, तिला तसंच वाढवतात, आणि ती चावली की जातीला नावं ठेवतात.

तुम्ही ते पिल्लू कशासाठी आणलंत? मोंढ्यात इतरांच्या गोदामापेक्षा तुमच्या गोदामाचा दरारा जास्त असावा म्हणून. अंधारात पोत्यांमागं बांधलंत. तिखट खाल्लं की कुत्रं तिखट होतं, म्हणून भाकरीत मिरचीचा ठेचा कुस्करून घालायला लावलात. पोरांनी डिवचलं की तुम्ही हसायचात, "चिडू द्या, चिडू द्या." आमच्याकडे आला तेव्हा भाकरी पुढं केली की हे एवढं मोठं जनावर मागं सरायचं. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, तिखटानं कुत्रं तिखट होत नाही, नुसतं त्याचं पोट जळतं. आतड्यांत आग असलेल्याशी कुणी प्रेमानं बोलायला जावं आणि त्यानं शेपूट हलवावी, अशी आपली अपेक्षा! मी दूधभाकरी ठेवून स्वयंपाकघरात निघून जायची, मग तो खायचा. बऱ्याच दिवसांनी एकदा मी तिथंच बसून राहिले आणि तो माझ्यासमोर जेवला. त्या दिवशी मी ह्यांना सांगताना अशी मिरवले, जणू माझी मुलगी बोर्डात आली.

आज त्याला बघाल तर ओळखणार नाही. सौदामिनीबाईंचे यजमान दवाखान्यात होते तेव्हा त्या घरी एकट्या होत्या. मलाच म्हणाल्या, "शीलाताई, सुलतानला आमच्या ओट्यावर बसवता का हो?" ज्या बाईनं कागद वाटला, तिच्याच ओट्यावर तो पाय पसरून घोरत होता. मला असा अभिमान वाटला म्हणून सांगू! मी दोनदा उगीचच गेटपर्यंत जाऊन बघून आले.

आता इतकं लिहिलंच आहे तर जे लिहायचं नाही म्हटलं होतं तेही लिहिते.

तुमच्या हाताला टाके पडले तेव्हा उदगीरभर एकच गोष्ट झाली. कुत्रं पिसाळल्यागत झालं, मालकावरच उलटलं, ती जातच तशी. तुम्ही तेच सांगितलंत. वीरेशनंही तेच सांगितलं. आम्ही विचारलं तेव्हा मान खाली घालून म्हणाला, "जातच तशी असती आत्या. अण्णांची काय चूक न्हाई." मुग्धाला लग्नाआधी तेच सांगितलं. मग अण्णा कुत्र्याला मारून टाका म्हणाले तेव्हा तू मारू का दिलं नाहीस, असं मी विचारलं, तर उठून मोटारीचं वाइंडिंग करायला दुकानात निघून गेला.

गेल्या दिवाळीत घर झाडायला काढलं होतं. आमच्या ह्यांची हदगावच्या शाळेतली वेताची छडी अजून कपाटावर पडून होती. ह्यांनी तिला फडकं बांधलं आणि पंख्याची जळमटं काढायला स्टुलावर चढले. वीरेश स्टूल धरून खाली वाकलेला. ह्यांनी छडी वर उचलली मात्र, सुलतान अंगणातून धावत आला आणि वीरेश आणि छडीच्या मधे येऊन उभा राहिला. भुंकला नाही. दात दाखवले नाहीत. नुसता उभा, आणि चारही पाय लटपटत होते. ह्यांनी छडी टाकून दिली. वीरेश तिथंच फरशीवर बसला, त्याच्या गळ्यात हात घातले आणि लहान मुलासारखा रडला.

मग त्यानं सांगितलं. दुकान सोडून मोटारी दुरुस्तीचं काम शिकतो म्हणाल्यावर तुम्ही गोदामातच आप्पांची छडी काढलीत. पाठीवर किती बसल्या ते त्यानं मोजलं नाही. खुंटीसकट साखळी उपटून सुलतान आला आणि ज्या हातात छडी होती तोच हात त्यानं धरला. छडी पडल्याबरोबर सोडून दिला. अण्णा, खुनशी जनावर सोडून देतं का?

मी ही गोष्ट तुम्हाला टोचायला लिहीत नाही. तुमचा मुलगा कसा आहे ते तुम्हाला कळावं म्हणून लिहिते. तीन वर्षं त्यानं बापाची इज्जत राखली. स्वतःच्या बायकोपाशीसुद्धा अवाक्षर काढलं नाही. कुत्र्यावर त्याचा एवढा जीव, तरी त्याला बदनाम होऊ दिलं, पण तुम्हाला नाही. असा भाचा माझ्या घरात राहतो याचा मला गर्व आहे, आणि तो तुमच्याच पोटचा आहे.

आणखी एक. बाळ झालं तेव्हा नर्सनं ते त्याच्यापुढं धरलं, तर यानं हात मागं घेतले. म्हणाला, "म्या न्हाई घेत आत्या. आप्पांचा हात अण्णांकडं आला, अण्णांचा माझ्याकडं आला असंल. रक्तातच हाय आपल्या." तुमचंच वाक्य ना हे? आप्पाही हेच म्हणायचे, आणि मग मारायचे. मी त्याला म्हटलं, सुलतानच्या रक्तात काय कमी सांगितलं होतं लोकांनी? घरी चल आणि त्याच्याकडं बघ. घरी आल्यावर सुलतान पाळण्यापासून हातभर दूर बसला, मान पंजांवर टाकून. वीरेशनं त्याच्याकडं बराच वेळ बघितलं, हात धुतले, आणि लेकीला उचललं. आता खाली ठेवायला तयार नाही. मुग्धा चिडते, याला लेकरू सांभाळायची बाईच करा म्हणते.

तर अण्णा, अशी हकिगत. तुम्हीही जन्मतः असे नव्हतात. अंगणात पडलेलं पाखराचं पिल्लू टोपीत घालून दिवसभर वागवणारा माझा भाऊ मला आठवतो. तुम्हालाही कुणीतरी ठेचा कुस्करूनच वाढवलंय.

रविवारी या. सुलतान दारातच असेल. त्याला कोंडून ठेवणार नाही, साखळी वीरेशच्या हातात असेल. तुम्ही मोकळ्या हातानं या, तो वाट देईल. याची हमी मी देते.

वहिनींना शरणार्थी.
तुमची, आणि वीरेशची, आणि सुलतानचीही,
शीला

*

उदगीर
११ जानेवारी २०२५

चि. शीलास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. दुकानात फोडलं, पण दोन ओळी वाचून खिशात घातलं आणि घरी आलो. पुढचं तुझ्या वहिनीनं मोठ्यानं वाचलं. वाचता वाचता तीच थांबायची, मी म्हणायचो वाच. तुरीची आवक सुरू झाली आहे. हाताला ओव्याचं तेल लावून राहिलो, फरक आहे.

तू लहानपणापासून लई बोलतेस. आप्पा म्हणायचे हिला वकील करा.

मला वाटत होतं, नांदेडात वीरेशनं सगळ्यांना सांगितलं असेल. तुझा फोन आला की वाटायचं आता ही विचारणार. म्हणून उचलत नव्हतो. लग्नात जेवायला बसलो असतो तर समोर वाढणारा प्रत्येक जण माझ्या हातातली छडीच बघतोय असं वाटलं असतं. त्यानं कुणाला सांगितलं नाही हे मला तुझ्या पत्रातून कळतंय. वहिनीला म्हणालो, पोरगं माझ्यावर गेलं न्हाई. ती म्हणाली, टोपीत पाखरू ठेवणाऱ्यावर गेलंय. तुझ्या पत्रातलं तिनं लगेच माझ्यावरच टाकलं.

आप्पांची छडी गोदामात दाराच्या मागंच होती. काल तुरीच्या पोत्यांना टेकण लावायला दिली. तिथंच राहील.

रविवारी पहिल्या बसनं निघतो. पाळण्यासाठी वहिनीनं कुंची शिवली आहे. बाकी मोकळ्या हातानं या म्हणालीस, पण एक पुडकं आणणार आहे. ज्वारीची भाकरी. ती ठेचा न घालता नुसतीच भाजायला सांगणार, आणि भाजताना चुलीपाशी मी स्वतः बसणार. वीरेशला सांग, साखळी धरू नको. मी ओट्यावर भाकरी ठेवून बाजूला होईन. खायची की नाही ते सुलताननं ठरवावं. उजव्या हातानंच ठेवीन.

तुझा,
अण्णा